‘रेडवॉल’ आणि वाचनालयातल्या पिशव्या : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

डिचोली तालुक्यात, मांडवीच्या काठाला असलेल्या एका गावच्या वाचनालयात हे घडलं. गाव, माणसं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. मी त्या वाचनालयाच्या समितीवर होते, त्यामुळे सभेत कोण काय बोललं ते मला ठाऊक आहे. शनिवारच्या वाचनाला मी नेहमी नसे. तिथलं बरंचसं टीचरांच्या वहीतून घेतलं आहे.

वाचनालय म्हणजे एक लांबोळकी कौलारू खोली. पावसाळ्यात एका कोपऱ्यात बादली ठेवावी लागते. गोव्यात सार्वजनिक ग्रंथालयाची परंपरा १८३२पासूनची आहे, हे आपण दर कार्यक्रमात अभिमानाने सांगतो. गावाकडच्या बालविभागात मात्र चरित्रमाला, बोधकथा आणि कुणीतरी चतुर्थीआधी घर आवरताना आणून टाकलेली पुस्तकं एवढाच ऐवज असतो. आमच्याकडेही तेच होतं. मुलं घरी कोकणी बोलतात, चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीला गेली की इंग्रजी माध्यमाच्या पाण्यात पडतात. त्या वळणावर बरीच मुलं वाचायचं सोडून देतात. मराठी पुस्तकं ‘लहान मुलांची’ वाटायला लागतात आणि इंग्रजी झेपत नाहीत.

हे हेरूनच एका निवृत्त शिक्षिकेने (मुलं त्यांना टीचरच म्हणत) शनिवारी दुपारचं वाचन सुरू केलं. इंग्रजी कादंबरी हातात धरायची, एखादं वाक्य मुळातलं वाचायचं आणि पुढचं पानभर मराठीत सांगत जायचं. अडलं तर कोकणीत. पंधरा-वीस मुलं येत. सगळ्यात धाकटी दुसरीतली, मोठी आठवीतली. वयातलं हे अंतर पुढे महत्त्वाचं ठरलं.

पुस्तक

ब्रायन जेक्स यांची ‘रेडवॉल’ १९८६ साली आली. जेक्स लिव्हरपूलचे. दुधाची गाडी चालवताना ते तिथल्या अंध मुलांच्या शाळेत दूध पोचवायचे, आणि त्या मुलांना ऐकवायला म्हणून त्यांनी ही गोष्ट लिहिली. त्यांच्या जुन्या शिक्षकांनी हस्तलिखित परस्पर प्रकाशकाला दाखवलं. पुढे या मालिकेत एकूण बावीस पुस्तकं झाली. ऐकणाऱ्याला दिसत नाही हे धरून लिहिल्यामुळे पानापानावर वास, चव, आवाज. टीचरांनी हे पुस्तक निवडलं त्यामागे हेच कारण होतं. त्यांचं म्हणणं, हे पुस्तक मुळात मोठ्याने वाचण्यासाठीच जन्माला आलं आहे.

गोष्ट अशी. जंगलाच्या कडेला रेडवॉल नावाचा मठ आहे. तिथे उंदीर राहतात. बॅजर (बिळात राहणारं दांडगं जनावर), पाणमांजरं, खारी त्यांचे मित्र. क्लूनी नावाचा एकाक्ष, क्रूर सरदार घुशींची फौज घेऊन मठावर चालून येतो. मथायस नावाचा पोरसवदा उंदीर मठाच्या जुन्या योद्ध्याची हरवलेली तलवार शोधायला निघतो. वेढा, भुयार, विषारी साप, कोडी, मेजवान्या, सगळं आहे. शेवटी मठाची घंटा अंगावर कोसळून क्लूनी मरतो.

जगभरच्या वाचकांत या पुस्तकाबद्दल दोन तक्रारी जुन्या आहेत. पहिली, मुलांच्या पुस्तकाच्या मानाने मरणं फार. दुसरी, यात प्राण्याची जात सांगितली की तो चांगला की वाईट ते कळतं : उंदीर, खार, बॅजर चांगले, घूस, कोल्हा, मुंगसासारखे शिकारी वाईट. आमच्याकडे पहिली तक्रार आधी आली आणि तिने बराच काळ दुसरीवर पांघरूण घातलं.

अडचण

जुलैमधल्या एका शनिवारी मेथुसेला मेला. मेथुसेला हा मठाच्या नोंदी ठेवणारा म्हातारा उंदीर, मथायसला कोडी सोडवायला मदत करणारा. दवाखान्याच्या खोलीतून चोरीचा माल घेऊन पळणारा एक तरुण कोल्हा त्याच्या डोक्यात गाठोडं हाणतो. रणांगण नाही, वीरमरण नाही. म्हातारा दारात आडवा येतो आणि संपतो.

टीचरांच्या वहीत त्या दिवशीची नोंद दोन ओळींची आहे : ‘पाऊस जोरात. कुणी काही विचारलं नाही, हे बरं नव्हे.’

सोमवारी दुसरीतल्या मुलीची आई ग्रंथपालांकडे आली. मुलगी दोन रात्री नीट झोपली नव्हती. तिचे आजोबा तेव्हा बांबोळीला ॲडमिट होते, आणि ती सारखी विचारत होती की आजोबांच्या खोलीला कडी आहे ना. आई रागावून आली नव्हती. तिचं म्हणणं एवढंच होतं की, टीचरांनी आधी सांगितलं असतं तर त्या शनिवारी मी तिला पाठवलं नसतं.

ही एक तक्रार, आणि साधी. पण गावात गोष्ट सरळ रेषेत जात नाही. आठवड्याभरात तिचे पाच प्रकार झाले. एका पालकाने (त्यांचं बाजारात दुकान आहे) विचारलं, संस्कार करायचे तर पंचतंत्र का नाही, हे विलायतेतले उंदीर कशाला. एका आजीला वेगळंच खुपलं होतं : ‘हुंदीर गणपतीचें वाहन न्हय गो? ताका असो मारपाचो?’ कुणी म्हणालं, हिंसा आहे. कुणी म्हणालं, मठ म्हणजे धर्मप्रचार. यातल्या एकानेही पुस्तक वाचलं नव्हतं, आणि ते वाचायची तयारीही कुणी दाखवली नाही. एकच प्रत होती, ती टीचरांच्या पिशवीत, हे खरं. पण मागितली कुणीच नाही.

पर्याय

समितीच्या सभेत चार वाटा मांडल्या गेल्या.

पुस्तक थांबवून दुसरं घ्यायचं, ही पहिली. अध्यक्षांचा कल तिकडे होता. चवथ तोंडावर, वर्गणीचे दिवस, वाद कशाला. पण अर्ध्यावर थांबवलं तर ज्या मुलीला म्हाताऱ्याच्या मरणाची भीती बसली तिच्या डोक्यात गोष्ट तिथेच अडकून राहील. कोल्ह्याचं पुढे काय झालं हे तिला कधीच कळणार नाही. (त्याला पुढे साप डसतो.) हा मुद्दा टीचरांचा, आणि मला तो पटला.

दुसरी वाट, मरणं गाळून सांगायचं. टीचर तोंडी सांगत असल्याने हे सगळ्यात सोपं होतं. कुणाला पत्ताही लागला नसता. नेमकं म्हणूनच त्यांनी नकार दिला. सातवी-आठवीतली दोन-तीन मुलं मुळातलं पुस्तक कधीतरी वाचतीलच, आणि तेव्हा टीचरांनी आपल्याला फसवलं असं त्यांना वाटेल. शिवाय किती गाळणार? शेवटी मठाचे महंतही क्लूनीच्या विषारी शेपटीने मरतात. ते काढलं तर शेवट लंगडा होतो.

तिसरी वाट, वयाप्रमाणे दोन गट. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात दुसरी-तिसरीतली मुलं येतात ती मोठ्या भावंडांचा हात धरून, आणि दुसरा गट घ्यायला माणूस नाही.

चौथी, जे चाललं आहे ते पूर्ण वाचायचं, पण प्रत्येक शनिवारी आधी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन ओळीत कळवायचं : आज कोण मरतं, कुठे भीती वाटेल. ज्याला नको त्याने यायचं नाही, आणि पुढच्या शनिवारी त्याला गाळलेलं थोडक्यात सांगायचं.

पंचतंत्राचा मुद्दा गुरुजींनी तिथेच निकालात काढला. ते समितीतले सगळ्यात ज्येष्ठ, बोलतात कमी. ते दुकानदारांना म्हणाले, ‘बगळा आणि खेकडा आठवतो का? बगळा तळ्यातले सगळे मासे खातो आणि खेकडा त्याची मान कापतो. तुम्हीच ही गोष्ट मुलाला सांगितली असणार.’ मग त्यांनी व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ची आठवण काढली. वानरांच्या टोळ्यांची कादंबरी, १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेली. ती मुलांसाठी नाही, पण प्राण्यांच्या गोष्टीला तात्पर्य लागतंच असं नाही, हे मराठीने कधीच मान्य केलं आहे, असं त्यांचं म्हणणं. दुकानदार हसले. पटलं असं नाही, पण त्यांचा मुलगा येत राहिला.

चौथी वाट ठरली. एक मत विरोधात पडलं. सूचना देऊन गोष्ट वाचली तर गोष्टीत उरतं काय, असं त्या सदस्याचं म्हणणं, आणि तो आक्षेप बिनबुडाचा नव्हता. आज कोणीतरी मरणार हे कळल्यावर मोठी मुलं येताना पैजा लावायला लागली.

मतं गोळा केली तेव्हा

त्याच सभेत असंही ठरलं की, मुलांना पुस्तक कसं वाटतं ते एकदा विचारावं. तोवर मोठ्यांचीच मतं मोजली जात होती. फळ्याखाली एक अभिप्राय वही ठेवली. पंधरा दिवसांत ती भरली, आणि जवळजवळ प्रत्येक नोंद सारखी निघाली : ‘मला हे पुस्तक खूप आवडले. यातून आपल्याला शिकायला मिळते की आपण धैर्याने संकटाचा सामना केला पाहिजे.’ खाली नाव, इयत्ता. दोघांनी तर समास आखला होता.

अध्यक्ष खूश. ही वही पुढे अनुदानाच्या फाइलला जोडता येईल, असं त्यांनी बोलूनही दाखवलं. टीचरांनी ती मिटली आणि कपाटात ठेवली. त्यांच्या मते हा पुस्तकावरचा अभिप्राय नव्हता, परीक्षेतल्या प्रश्नाचं उत्तर होतं; पुस्तक न ऐकता बाहेरच्या कट्ट्यावर बसूनही ते लिहिता आलं असतं.

मग त्यांनी पद्धत बदलली. नाव नाही, लिहिणं नाही. चटईवर बसून तीन प्रश्न : कुठे कंटाळा आला? यातलं कुणाला तुमच्या घरात राहू देणार नाही? पुस्तक लिहिणाऱ्याला काय विचाराल? आणि उत्तर देताना ‘शिकायला मिळतं’ हे शब्द वापरायचे नाहीत, ही अट. अट घातल्यावर पहिली काही मिनिटं कुणालाच काही सुचेना, असं वहीत आहे.

त्यानंतर जे आलं ते मी इथे जरा विस्ताराने देते, कारण एवढ्या सगळ्या प्रकरणात खरी समीक्षा तेवढीच झाली.

चौथीतल्या एका मुलाला पहिल्या काही पानांपासून एकच प्रश्न छळत होता. क्लूनीची फौज घोडा जुंपलेल्या गवताच्या गाडीतून येते. गाडी कुणी केली? घोडा एवढा मोठा, तर त्याला गाडीला जुंपलं कुणी? माणसं आहेत का या जगात? असली तर कुठे गेली? या प्रश्नावर जगभरच्या वाचकांनी डोकं खाजवलं आहे आणि नंतरच्या पुस्तकांत जेक्स यांनी असे माणसांच्या मापाचे घोडे-गाड्या आणलेच नाहीत. आमच्या मुलाने हे कुठेही न वाचता पकडलं.

एका मुलीने मेजवानीचा मुद्दा काढला. मठात सगळे गुण्यागोविंदाने राहतात, कुणी कुणाला खात नाही. पण महंतांच्या उत्सवाला तळ्यातला मोठा मासा पकडून शिजवतात. ‘मासा बोलत नाही म्हणून चालतं काय?’ यावर खोलीत एकच गोंधळ. गोव्यात माशाला प्राणी कोण म्हणतो? एकाने गंभीरपणे निर्णय दिला की, सोमवार सोडून चालतं.

कंटाळ्याबद्दल धाकट्यांचं एकमत होतं : गोष्ट सारखी उड्या मारते. आता मथायस, आता मठ, आता घुशींचा तळ. तलवार कुठवर आली ते विसरायला होतं. मोठ्यांना नेमकं तेच आवडलं होतं.

कॉर्नफ्लॉवर या उंदरीवरून मुलींमध्ये जुंपली. ती नुसती जेवण वाढत फिरते, असं सहावीतलीचं मत. त्यापेक्षा कॉन्स्टन्स बॅजर बरी, ती निदान हाणते तरी. दुसरीने आठवण करून दिली की शत्रूचा चालता मनोरा पेटला तो कॉर्नफ्लॉवरच्या कंदिलामुळे. पहिलीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, तो काही तिने ठरवून लढाई लढली म्हणून नाही पेटला, कंदील हातात होता म्हणून पेटला.

‘घरात राहू देणार नाही’च्या उत्तरात अनपेक्षितपणे पाणमांजर आलं. पुस्तकात ती शूर, हसरी, मदतीला धावणारी. पण ज्या मुलाच्या घरी खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत) मानशीवर (पाणी आत-बाहेर सोडायच्या दारावर) मासे धरतात त्याच्यासाठी पाणमांजर म्हणजे जाळी फाडून मासे पळवणारं जनावर. त्याला पुस्तकातली पाणमांजरं खोटी वाटत होती. टीचरांनी विचारलं, मग तुझ्या गोष्टीत वाईट कोण? तो म्हणाला, आमच्या गोष्टीत पाणमांजर. त्यांच्या गोष्टीत पप्पा.

आणि सगळ्यात आवडतं पात्र? मथायस नव्हे. क्लूनी. मोठ्यांच्या भुवया उंचावल्या, पण गोव्यात कुणाला याचं नवल वाटायचं कारण नाही. दिवाळीआधी महिनाभर पोरं रात्री जागून नरकासुर उभा करतात : बांबू, गवत, कागद, डोळ्यांत दिवे, कृष्ण बाजूला हातभर, ऐन वेळी आठवल्यासारखा. ज्याच्यावर एवढी मेहनत घेतली त्याच्यावर जीव जडणारच, मग पहाटे तो स्वतःच्या हाताने जाळायचा असला तरी. क्लूनी मुलांना त्या रांगेतला वाटला. त्याला ‘वाईट संस्कार’ म्हणणाऱ्या पालकांपैकी दोघे नरकासुर मंडळाचे कार्यकर्ते आहेत, हे जाता जाता नोंदवते.

दुसरी तक्रार

चतुर्थीची सुट्टी गेली, वाचन पुन्हा लागलं. ऑक्टोबरात शेवटचा भाग आला. त्यात प्लम्पेन नावाचा एक डॉरमाउस आहे, उंदराचाच दूरचा भाऊबंद. क्लूनी त्याच्या बायकापोरांना ओलीस धरतो आणि मठात शिरून आतून दार उघडायला त्याला भाग पाडतो. तो उघडतो. मठ पडतो.

टीचरांनी विचारलं, प्लम्पेन गद्दार का? बहुतेक मुलं नाही म्हणाली. पोरांना मारलं असतं ना, तो काय करणार.

मग सातवीतला एक मुलगा बोलला. तो एरवी मागे, दाराजवळ बसायचा. त्याचं म्हणणं असं : सुरुवातीला क्लूनीने जंगलातल्या घुशी आणि इतर कितीतरी जनावरं धमकावून फौजेत भरली. ती पण घाबरूनच आली. मग प्लम्पेन घाबरला तर बिचारा, आणि घूस घाबरली तर ती वाईटच, असं कसं?

मला हा मुद्दा आजही थक्क करतो. ‘प्राण्यांच्या जातीवरून चांगलं-वाईट ठरवणं योग्य नाही’ हे वाक्य कुणीही म्हणेल. पुस्तकातलीच दोन पानं समोरासमोर ठेवून ते सिद्ध करणं वेगळं.

काही मुलांनी त्याला विरोध केला, आणि तोही पुस्तकातूनच. चिमण्या आधी शत्रू असतात, मग मित्र होतात. मांजर आणि घुबड हे उंदराचे खरे वैरी; पण ज्युलियन मांजर सभ्य आहे आणि कॅप्टन स्नो घुबड शेवटी उंदीर न खायचा शब्द देतं. म्हणजे लेखकाला बदल दाखवता येतो. मुलगा म्हणाला, मग घुशीलाच का नाही दाखवला? आणि लगेच, त्याच सुरात : ‘आमच्या वाड्यावरच्या पोरांचं तसंच. काय हरवलं की आधी आमच्या पिशव्या बघतात. इथे पण.’ (वाडा म्हणजे गावातली वस्ती.)

टीचरांनी विचारलं, इथे म्हणजे वाचनालयात? तो म्हणाला, होय, बाहेर पडताना. बाकीच्यांच्या नाही बघत.

निर्णय

या मुद्द्यावर समितीची तयारी शून्य होती. जूनमध्येच एका सदस्येने बोलून दाखवलं होतं की, या पुस्तकात जन्मावरून माणूस ठरतो, आपल्या समाजात हे पुस्तक जपून वाचलं पाहिजे. तेव्हा ठरलं होतं की मोठ्यांनी जातीचा विषय आपणहून मुलांपुढे काढायचा नाही. त्यांना दिसला तर त्यांनीच काढावा. तो आता निघाला होता, आणि बोट थेट आमच्या दाराकडे होतं.

ग्रंथपालांनी साफ नाकारलं. त्या म्हणाल्या, दोन वर्षांमागे काही पुस्तकं गहाळ झाली तेव्हापासून संशय आला तर बघते, कोणाचा वाडा बघून नाही. त्या खोटं बोलत होत्या असं मला वाटत नाही. संशय कुणाचा येतो हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नव्हता, एवढंच.

वाटा तीन होत्या. चौकशी करायची, म्हणजे मुलाला सगळ्यांसमोर पुन्हा उभं करायचं. टीचरांनी ते होऊ दिलं नाही. काहीच करायचं नाही आणि गोष्ट ही गोष्ट आहे म्हणून सोडायचं; अध्यक्षांना ते परवडणारं होतं. तिसरी, आरोप खरा की खोटा यात न शिरता नियम बदलायचा. तिसरी निवडली. दाराशी फळी ठोकली. आत येताना सगळ्यांनी पिशव्या तिथे ठेवायच्या, समितीच्या सदस्यांनीसुद्धा. बाहेर पडताना कुणाचीच पिशवी उघडायची नाही. ग्रंथपालांना हा आपल्यावरचा ठपका वाटला आणि त्यांनी तसं लेखी दिलं. ते पत्र इतिवृत्तात आहे.

परिणाम

पुस्तक दिवाळीच्या आधी संपलं. महंतांच्या मरणाच्या शनिवारी आधी कळवूनही फक्त दोन मुलं आली नाहीत. दुसरीतली ती मुलगी आली, आईला घेऊन. आई शेवटपर्यंत बसली, आणि नंतर म्हणाली की पुस्तक चांगलं आहे पण तिच्या वयाला नाही, हे माझं मत कायम आहे. ते मत आम्ही तसंच नोंदवलं.

एका कुटुंबाने दोन्ही मुलांना वाचनातून काढून घेतलं. कारण मरणाचं सांगितलं. पिशव्यांच्या फळीनंतरच्या आठवड्यात ते का सुचलं, हे त्यांनी सांगितलं नाही.

सातवीतला मुलगा नंतर काही शनिवार आला नाही, मग आला. तो का आला नाही हे टीचरांनी विचारलं नाही. त्या वर्षी वाड्यावरच्या नरकासुराला त्यांनी घुशीचं तोंड आणि एक डोळा केला होता. बक्षीस मिळालं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

वाचनाआधी समितीतल्या निदान दोघांनी पुस्तक पूर्ण वाचायला हवं होतं. म्हाताऱ्याचं मरण पुस्तकाच्या मध्यावर आहे. ते जुलैत कुणावरही अचानक येऊन आदळायचं कारण नव्हतं. दुसरी प्रत घेतली असती तर तक्रार करणाऱ्याच्या हातात ती देता आली असती. वाचून आलेल्या आणि ऐकीव तक्रारीत फरक करायला समितीकडे काही साधनच नव्हतं.

मतं विचारायची ती आधी मुलांची. आमच्याकडे पहिला महिनाभर सभेत जे काही झालं ते मरणाभोवती झालं, कारण ती तक्रार बोलता येणाऱ्यांची होती. मुलांनी दिलेल्या कुठल्याच उत्तरात मरण हा मुख्य मुद्दा नव्हता. आणि विचारायचं ते बिननावाचं, तोंडी. नाव-इयत्ता लिहायला लावली की मूल टीचरांकडे बघून लिहितं.

पिशव्यांचा नियम पुस्तकाआधीच सगळ्यांना सारखा असायला हवा होता, यावर आता समितीत दुमत नाही. दुमत आहे ते मुलगा बोलला त्या क्षणी टीचरांनी काय करायला हवं होतं यावर. त्यांनी एक प्रश्न विचारला, उत्तर ऐकलं आणि पुढचं प्रकरण सुरू केलं. एका सदस्येला वाटतं, तिथे पुस्तक मिटून बोलायला हवं होतं. टीचरांचं उत्तर असं की, मुलगा पुस्तकाच्या आडोशाने बोलला होता. आडोसा काढून घेतला असता तर तो तिथेच गप्प झाला असता.

पुढच्या पुस्तकाचं ठरलेलं नाही. याच मालिकेतलं १९९५चं ‘आउटकास्ट ऑफ रेडवॉल’ सुचवलं गेलं आहे. त्यात मठातच वाढवलेलं एका शत्रुजातीचं पिल्लू आहे, आणि संस्काराने जन्म पुसतो का हा त्या पुस्तकाचा प्रश्न आहे. ते पिल्लू शेवटी जिने वाढवलं तिच्यासाठी जीव देतं, पण पुस्तक त्याला पूर्ण माफ करत नाही. गुरुजी म्हणतात, तोच मुलगा बसलेला असताना हे वाचणं म्हणजे जखमेवर मीठ. त्याऐवजी १९९४चं ‘द बेलमेकर’ घ्या, त्यात ब्लॅगट नावाची समुद्री घूस खरोखर सुधारते. टीचर म्हणतात, त्या मुलालाच विचारू. दोन्ही पुस्तकं मागवली आहेत, आणि या वेळी प्रत्येकी दोन प्रती.